जुन्या बुलेटची थरथर: क्रँक बॅलन्सला पाठवण्याआधी काय तपासायचं

क्रँक म्हणजे पिस्टनचं वर-खाली जाणं गोल फिरण्यात बदलणारा इंजिनातला भाग. हे सगळं जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट ३५० बद्दल आहे. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, पुशरॉडवालं इंजिन. त्याच पिढीच्या ५०० ला यातलं बहुतेक लागू पडतं. नंतरच्या युनिट इंजिनाची (इंजिन आणि गियरबॉक्स एकाच केसमध्ये) रचना वेगळी आहे, तिथे यातले आकडे लावू नका.

लक्षणं

गाडी अमुक एका वेगापर्यंत ठीक असते. तो वेग आला की फुटरेस्ट आणि हँडल एकदम झिणझिणायला लागतात, आणि वेग आणखी वाढवला तरी ते कमी होत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर हात बधिर होतात. हेडलाइटचे बल्ब वरचेवर जातात, फिलामेंट तुटलेलं असतं. सायलेन्सरची पट्टी, मडगार्डचे स्टे, नंबरप्लेटचं ब्रॅकेट वेल्डिंग केलेल्या जागेच्या शेजारीच पुन्हा तुटतं. प्रायमरी कव्हरमधून, म्हणजे क्रँकपासून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनच्या झाकणातून, तेल येतं, पॅकिंग बदललं तरी येतं. प्रायमरी चेन एका जागी घट्ट, क्रँक अर्धा फेरा फिरवला की सैल. काही गाड्यांमध्ये याच्या जोडीला खालून जड, बोदा असा ठक-ठक आवाज येतो. चढावर थ्रॉटल दिला की तो वाढतो.

आणि ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते लक्षण म्हणजे: फुल इंजिन काम (क्रँकसकट सगळं इंजिन उघडून) झालं, पहिले काही दिवस गाडी बरी चालली, आणि एका पावसाळ्यात सगळं परत आलं.

बॅलन्स आपोआप बिघडत नाही

गाडी थरथरते म्हटल्यावर गोव्यात पहिला सल्ला मिळतो तो ‘क्रँक बॅलन्स करून घे’. म्हापशात विचारा, फोंड्यात विचारा, हेच सांगतील. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्याचं कारण साधं आहे. बॅलन्स म्हणजे वजनांचा हिशोब. एका बाजूला पिस्टन, रिंगा, पिस्टनची पिन (गजन पिन) आणि कनेक्टिंग रॉड (कॉनरॉड), दुसऱ्या बाजूला फ्लायव्हीलमधलं, म्हणजे क्रँकच्या दोन जड चाकांमधलं, प्रतिवजन. लोखंडाचं वजन रस्त्यावर चालून बदलत नाही. कारखान्यातून आली तेव्हा गाडी चांगली चालत होती, तीन वर्षांपूर्वीपर्यंत चांगली चालत होती आणि आता थरथरते, तर बदललं ते दुसरंच काहीतरी आहे: एखादा बोल्ट सैल झालाय, बेअरिंग खलास झालंय, किंवा दोन फ्लायव्हील एकमेकांच्या रेषेतून सरकलीत. मेस्त्रींच्या भाषेत ‘क्रँक आउट आहे’. आउट असणं आणि बॅलन्स नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॅलन्सचा संशय घ्यायचा तो फक्त कोणीतरी वजन बदललं असेल तेव्हा. वेगळ्या कंपनीचा किंवा मोठ्या ओव्हरसाइझचा पिस्टन, वेगळा कॉनरॉड, बिग एंडला (कॉनरॉडच्या क्रँककडच्या टोकाला) बुशच्या जागी रोलर, दुसऱ्या इंजिनातलं एक फ्लायव्हील, किंवा फ्लायव्हीलला मारलेली नवी भोकं. म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे: थरथर कधी सुरू झाली आणि त्याच्या आधी गाडीवर कुठलं काम झालं, ते आठवा. घराच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आणि वर्षातून एकदा मालक आखातातून किंवा बोटीवरून परत आला की चालू होणाऱ्या गाड्या आपल्याकडे भरपूर. अशी गाडी उभ्या-उभ्या बिघडली असेल तर वजनाचा प्रश्नच येत नाही. गंज आणि सुकलेलं तेल, तिथून सुरुवात करा.

स्पॅनरची कामं

गाडी स्टँडवर उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस करा. थरथर तिथेही जाणवली तर ती इंजिनातून किंवा इंजिनाच्या बसण्यातून येते. उभ्या गाडीला काहीच होत नसेल आणि फक्त रस्त्यावर होत असेल तर एखाद्या मोकळ्या उतारावर क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी तशीच जाऊ द्या. तरीही हँडल हलतंय? मग टायर, रिम, चाकाची बेअरिंगं आणि मागची चेन बघा, इंजिनाला हात लावू नका.

आता फाउंडेशन बोल्ट. बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखाली पाइप नाही. पुढच्या आणि मागच्या प्लेटांमध्ये पकडलेलं इंजिनच फ्रेमचा तो भाग पुरा करतं. त्यामुळे एक बोल्ट सैल झाला तरी सगळी गाडी वाजते. नुसता स्पॅनर लावून ‘घट्ट आहे’ म्हणू नका. इथल्या खाऱ्या हवेत आट्यांवर गंज चढतो, नट गंजावर घट्ट बसतो आणि प्लेट मात्र आत हलत राहते. प्लेट आणि क्रँककेसच्या सांध्यावरची धूळ कापडाने पुसा आणि उजेडात बघा. वॉशरभोवती तपकिरी-लाल पूड, किंवा रंग उडून चकचकीत झालेली कडा दिसली तर तिथे हालचाल होतेय. बोल्ट काढा. त्याच्या मधल्या भागात खाच पडलेली असेल तर तो टाकून द्या, नवा घाला. हेडपासून फ्रेमला जाणारी पट्टी विसरू नका. हाफ इंजिनचं काम (फक्त हेड आणि ब्लॉक उघडून) करताना ती काढतात आणि बऱ्याच गाड्यांवर ती परत लागतच नाही. ती नसेल तर इंजिनाचा वरचा भाग मोकळा झुलतो. किनाऱ्यावर भाड्याने फिरणाऱ्या गाड्यांची निम्मी थरथर मला इथेच सापडते.

त्यानंतर इग्निशन. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. ॲडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा नीट परत येतात का बघा. ठिणगीचं टायमिंग फार पुढे असेल तर इंजिन कडक होतं, धक्के मारतं, आणि नवशिक्याला तो क्रँकचाच दोष वाटतो. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

तेल काय सांगतं

तेल गरम असताना काढा, पांढऱ्या ताटात ओता आणि उन्हात धरा. खाली चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी बारीक काळी पेस्ट थोडी असतेच. खवले असतील तर बेअरिंगचे रोलर किंवा गियर खाल्ले जातायत. चुंबकाला न चिकटणारे, राखाडी-चंदेरी चपटे कण दिसले तर बिग एंडचा बुश जातोय असं समजा. फेल्टचा फिल्टर कात्रीने कापून उलगडून बघा. तेल दोन-तीनदा बदललेलं असलं तरी फेल्टमध्ये कण राहतात.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. तेल फिरतंय का हे बघायला मेस्त्री वर हेडमध्ये रॉकरकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांकडे) जाणाऱ्या नळीचा बोल्ट थोडा सैल करतो, तेल पाझरलं की म्हणतो, ‘पंप चांगला आहे.’ बुलेटमध्ये पंप दोन आहेत. एक बिग एंडला तेल देतो, दुसरा खाली साचलेलं तेल उचलून परत पाठवतो, आणि रॉकरला जाणारं तेल या दुसऱ्या पंपाकडून येतं. वर तेल दिसलं म्हणजे परतीचा पंप चालतोय, एवढंच. बिग एंडला काय मिळतंय ते त्यावरून कळत नाही.

बिग एंडचं तेल टायमिंग कव्हरमधून (कॅमचे गियर झाकणारं कव्हर) क्रँकच्या टोकात शिरतं आणि भोकाभोकांतून क्रँकपिनपर्यंत, म्हणजे बिग एंड जिच्यावर फिरतो त्या पिनपर्यंत, जातं. कव्हर आणि क्रँकच्या टोकामध्ये एक लहानसं सील असतं. ते कडक झालं, चिरलं किंवा कव्हर बसवताना मुडपलं की तेल पिनपर्यंत न जाता टायमिंगच्या खोलीतच गळतं. फुल इंजिन करूनही काही महिन्यांत बुश पुन्हा जातो, त्यामागे फार वेळा हे सील असतं. नवा बुश, नवी पिन, सगळं व्यवस्थित, आणि सील जुनंच. या इंजिनातला बुश पिनवरही फिरतो आणि रॉडमध्येही फिरतो, तेलाच्या थरावर तरंगत राहतो. तेल कमी पडलं की त्याला जायला वेळ लागत नाही. दोघं बसून चोर्ला घाट चौथ्या गियरमध्ये कण्हत-कण्हत चढणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. कमी आरपीएमवर जास्त भार पडला की तो थर तुटतो. गियर खाली घ्या.

प्रायमरी कव्हर उघडून

खर्च फक्त पॅकिंग आणि तेलाचा, आणि या एका पायरीत जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुठल्याच पायरीत नाही.

या पहिल्या तपासणीला डायल गेज (शाफ्ट किती गरगरतो ते काट्यावर दाखवणारं माप) नसलं तरी चालेल. ०.२ मिमी जाडीची पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. लोखंडी फिलर गेज रोटरच्या चुंबकाला चिकटतं, ते नको. क्रँकच्या टोकावरचा रोटर (चार्जिंगचा फिरणारा चुंबक) आणि भोवतालचा स्टेटर (न फिरणारी कॉइल) यांच्या मधल्या फटीत ही पट्टी सगळीकडून सरकायला हवी. स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. एका जागी पट्टी अडकली तर रोटरवर खडूने खूण करा आणि क्रँक अर्धा फेरा फिरवा. पट्टी स्टेटरच्या त्याच जागी अडकते का? मग स्टेटर वाकडा बसलाय किंवा त्याचे स्टड हललेत, क्रँक निर्दोष आहे. अडकण्याची जागा खडूच्या खुणेबरोबर फिरते का? मग शाफ्टच गरगरतोय, म्हणजे क्रँक आउट आहे किंवा शाफ्टचं टोक वाकलंय.

सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका गाडीचा स्टेटर दोन वेळा बदललेला होता. दोन्ही जुने स्टेटर मालकाने पिशवीत घालून आणले होते आणि दोन्हींवर घासल्याची चमक पूर्ण गोलात होती. ‘मेस्त्री, चार्जिंगचंच काम निघतं हो सारखं,’ असं तो म्हणत होता. पट्टी लावली तर अडकण्याची जागा रोटरबरोबर फिरत होती. स्टेटरचा त्यात काहीच दोष नव्हता.

आता शाफ्टचं टोक धरून वर-खाली ढकला. हाताला ठक्कन जाणवेल इतका खेळ (ढिलेपणा) असेल तर मेन बेअरिंग गेलंय. या बाजूला एक बॉल आणि एक रोलर बेअरिंग असतं, टायमिंगच्या बाजूला रोलर. बेअरिंगमध्ये खेळ असताना शाफ्टवर डायल लावून काही उपयोग नाही, तो आकडा क्रँकचा नसतो, बेअरिंगचा असतो. खेळ नसेल तर डायल लावा आणि सावकाश फिरवा. काटा ०.०५ मिमीहून जास्त हलला तर क्रँक बाहेर काढायची तयारी करा. डायल दाखवतो तो काट्याचा पूर्ण फेर, शाफ्ट प्रत्यक्षात मध्यापासून त्याच्या निम्माच सरकलेला असतो. लेथवाल्याशी बोलताना हे स्पष्ट करून घ्या, नाहीतर तो एक आकडा सांगतो आणि तुम्ही दुसरा समजता.

हेड आणि ब्लॉक काढल्यावर

पिस्टन सगळ्यात वर आणा, कॉनरॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढा. बाजूला झुकवू नका. रॉडचं वरचं टोक डावीकडे-उजवीकडे थोडं डोलतंच, ते चालतं. सरळ रेषेत वर-खाली मात्र काहीही जाणवता कामा नये. तेल असताना खेळ लपतो, म्हणून आधी डिझेलने धुवा आणि मग बघा.

पिस्टन बघा. घासल्याच्या खुणा एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली असतील तर रॉड वाकलेला आहे. तो सरळ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय नवा पिस्टन घालणं म्हणजे पैसे फेकणं.

इथवर घरी करता येतं. साधी हत्यारं, स्वच्छ जागा आणि दोन रविवार पुरतात. यापुढे क्रँककेस उघडायची. टायमिंगच्या बाजूला ऑइल पंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्याचा असतो. ते माहीत नसताना पाइप लावून ताकद केली तर शाफ्टचं टोकच तुटतं.

क्रँक बाहेर आल्यावर: आधी ट्रू, मग बॅलन्स

बुलेटची क्रँक एकसंध नसते. दोन फ्लायव्हील, मधे पिन, पिनच्या दोन्ही टोकांना मोठे नट. त्यामुळे बिग एंड बदलायचा तर ती सुटी करावी लागते, आणि परत जोडताना दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणावे लागतात. हे ट्रूइंग. ते न करता बॅलन्स करणं निरर्थक आहे. शाफ्ट रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगांवर वाकवणारा जोर येतो, वजन कितीही जुळवा.

क्रँक दोन सेंटरांमध्ये (लेथच्या दोन टोकदार आधारांमध्ये) धरायची आणि दोन्ही शाफ्टवर, फ्लायव्हीलच्या शक्य तितकं जवळ, एकेक डायल लावायचा. मग काटे वाचायचे. दोन्ही काटे एकाच वेळी वर चढत असतील आणि ती जागा पिनच्या रेषेत असेल तर फ्लायव्हील समांतर नाहीत. चढ पिनच्या बाजूला असेल तर चाकं पिनच्या बाजूला फाकलीत आणि समोर जवळ आलीत, तेव्हा पाचर पिनच्या समोरच्या बाजूला मारायची. चढ पिनच्या समोर असेल तर उलट: पाचर पिनच्या बाजूला. काटे एकमेकांच्या विरुद्ध चढत असतील, एक वर असताना दुसरा खाली, आणि ती जागा पिनपासून काटकोनात असेल, तर एक चाक पिनवर फिरलंय. उंच जागा वर आणून त्या चाकाच्या कडेवर तांब्याच्या हातोडीने एक नेमका ठोका. लोखंडी हातोडी नको, हे कास्ट आयर्न आहे, टवका उडतो. बहुतेक वेळा दोन्ही दोष एकत्र असतात. आधी फिरलेलं सरळ करा, मग फाकलेलं.

मी ०.०३ मिमीच्या आत आल्याशिवाय थांबत नाही. नट शेवटचे आवळल्यावर पुन्हा मोजायचं, कारण आवळताना रेषा हमखास हलते. ‘आवळण्याआधी बरोबर होतं’ याला काही अर्थ नाही.

पिन फ्लायव्हीलला टॅक वेल्ड करून ‘आता कधीच हलणार नाही’ असं सांगणारे भेटतील. त्यांना क्रँक देऊ नका. कास्ट आयर्न वेल्डिंगच्या कडेला तडकतं, आणि पुढच्या वेळी बिग एंड बदलायचा तर ती क्रँक सुटी होत नाही. चांगली जुनी फ्लायव्हील आता सहज मिळत नाहीत. एक जोडी अशी घालवली की गेलीच.

बॅलन्स, आणि कशाला बॅलन्स म्हणतात

एका सिलिंडरचं इंजिन पूर्णपणे बॅलन्स होतच नाही. पिस्टन वर-खाली जातो आणि प्रतिवजन गोल फिरतं. पिस्टनचं सगळं वजन प्रतिवजनाने तोललं तर वर-खाली हादरा जातो, पण तेवढाच हादरा पुढे-मागे तयार होतो. म्हणून वर-खाली जाणाऱ्या वजनाचा काही भागच तोलतात. त्या टक्केवारीला बॅलन्स फॅक्टर म्हणतात आणि अशा इंजिनांत तो बहुधा ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात.

हादरा किती मोठा असतो? वर-खाली जाणारं वजन ५५० ग्रॅम धरा, क्रँकची त्रिज्या ४५ मिमी. ३००० आरपीएमला त्याचा जोर सुमारे २५० किलो वजनाइतका होतो. वेग निम्मा केला की जोर पाव होतो. म्हणूनच अमुक वेगाच्या खाली काही वाटत नाही आणि त्याच्या वर एकदम जाणवतं. याच हिशोबाने दहा ग्रॅमचा फरक ३००० ला साडेचार किलोचा. दहा ग्रॅमसाठी इंजिन उघडू नका. पन्नास-साठ ग्रॅमचा फरक असेल तर मात्र बघायला हवं.

तपासायची पद्धत अशी. पिस्टन, रिंगा, गजन पिन, सर्क्लिप असं सगळं एकत्र वजन करा. समजा ४०० ग्रॅम. कॉनरॉड आडवा, लेव्हलमध्ये धरून त्याचं लहान टोक वजनकाट्यावर टेकवा, समजा १५० ग्रॅम. दोन्ही मिळून ५५०. आता जोडलेली, ट्रू केलेली क्रँक दोन समतल धारांवर किंवा हलक्या बेअरिंगांवर ठेवा, रॉड मोकळा लोंबू द्या आणि लहान टोकाला वजन लटकवत जा. क्रँक ज्या स्थितीत सोडाल तिथेच थांबेल इतकं वजन शोधा. समजा १७० ग्रॅमला थांबली. लोंबणाऱ्या रॉडचे १५० आधीच पिनवर आहेत, म्हणून तोललेलं वजन ३२०, आणि फॅक्टर ३२० भागिले ५५०, म्हणजे ५८ टक्के.

आता नवा पिस्टन जुन्यापेक्षा ६० ग्रॅम जड आला. वर-खाली जाणारं वजन ६१० झालं, फॅक्टर साडेबावन्न टक्क्यांवर आला. जुन्या ५८ वर जायचं तर सुमारे ३५५ तोललं पाहिजे, म्हणजे ३५ ग्रॅम कमी पडतायत. वजन वाढवणं अवघड, म्हणून ते पिनच्या बाजूने काढायचं. केंद्रापासून ७० मिमीवर भोक पाडलं तर ४५ मिमीवरचे ३५ ग्रॅम म्हणजे तिथले साडेबावीस ग्रॅम. १० मिमी व्यासाचं, १० मिमी खोल भोक कास्ट आयर्नमधून सुमारे साडेपाच ग्रॅम काढतं. म्हणजे एकूण चार भोकं, प्रत्येक चाकाला दोन. दोन्ही चाकांना सारखीच, नाहीतर क्रँक डावी-उजवी डोलायला लागेल. भोकं कडेजवळ घ्या, पिनच्या भोकाभोवतीच्या जाड भागाला ड्रिल लावू नका. एक भोक पाडा, परत तोला, मग दुसरं पाडा.

मी फॅक्टरचे नवे प्रयोग करत नाही आणि कुणाला करायला सांगत नाही. गाडी ज्या फॅक्टरवर वर्षानुवर्षं गोड चालली, त्याच्यावरच तिला परत आणायचं. म्हणून उघडल्यावर पहिलं काम: जुन्या पिस्टनचं आणि रॉडचं वजन वहीत लिहून ठेवणं. जुना पिस्टन भंगारात गेला की तो हिशोब कायमचा गेला.

मोटारीच्या क्रँक बॅलन्स करणाऱ्या मशीनवर ही क्रँक द्यायची असेल तर आधी एकच प्रश्न विचारा: रॉड आणि पिस्टनच्या बदली वजन किती लावणार? ‘लावायची गरज नाही, मशीन सगळं शून्यावर आणतं’ असं उत्तर मिळालं तर क्रँक उचलून घरी आणा. नुसती क्रँक शून्यावर आणायची म्हणजे मशीनवाला प्रतिवजनातूनच लोखंड काढणार. अशी एक जोडी माझ्याकडे आली होती, दोन्ही चाकांना जड बाजूला ओळीने सुबक भोकं. कागदावर बॅलन्स अचूक होता आणि गाडी तिसऱ्या गियरच्या पुढे चालवण्यासारखी राहिली नव्हती. ती चाकं वाचवता आली नाहीत.

कुठे थांबायचं

केस उघडल्यावर पुढचं काही दिसलं तर हात थांबवा आणि क्रँकचं काम रोज करणाऱ्या लेथवाल्याकडे जा. पिनच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ: ती तडा आहे, ते चाक बाद, वेल्डिंग नाही. पिनचं भोक अंडाकृती झालंय किंवा पिन हाताने आत सरकते. शाफ्ट फ्लायव्हीलमध्ये हलतोय. केस गरम न करताच बेअरिंगची बाहेरची रिंग बोटाने फिरते, म्हणजे ॲल्युमिनियमची जागा मोठी झालीय, आणि नवं बेअरिंगही तिथे टिकणार नाही. ट्रू करताना तोच तो आकडा परत येतोय, ठोका मारला की दुसरीकडे चढतो: शाफ्ट वाकलाय किंवा चाकाचा टेकण्याचा पृष्ठभाग खराब आहे, ठोकत बसू नका. आणि डायल, सेंटर, नट आवळण्यासाठी क्रँक पकडायचं जिग यातलं एक जरी जवळ नसेल तरी सुरुवातच करू नका. व्हाइसमध्ये फ्लायव्हील धरून पाइपने नट आवळलेल्या क्रँका मी बघितल्या आहेत. एकही रेषेत नव्हती.

येझदी किंवा राजदूत असेल तर थांबण्याची जागा याच्याही आधी येते. त्यांची क्रँक नटांवर नाही, प्रेसने बसवलेली असते. प्रेस आणि अनुभव दोन्ही नसतील तर ती अखंडच द्या.

गोव्यात हे काम नीट करणारे मोजके आहेत. नाही जमलं तर बेळगावला उद्यमबाग आहे, कोल्हापूरला उद्यमनगर आहे. पाठवताना क्रँकबरोबर नवा पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिप आणि जुना पिस्टन सगळं द्या, सोबत वजनांचा कागद द्या. क्रँक तेलाच्या फडक्यात गुंडाळा, रॉड बांधून ठेवा, आणि खोक्यात शाफ्टच्या टोकावर उभी ठेवू नका. चोर्ल्याच्या वळणांवर खोकं आपटलं तर आधीचा ट्रू गेला. परत आल्यावर केसमध्ये घालण्याआधी तुमच्यासमोर डायल लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर याला कधी नाही म्हणत नाही.

जोडताना टायमिंग कव्हरचं ते लहान सील नवंच घाला. क्रँकच्या टोकातून तेलाच्या पिचकारीने तेल भरा, बिग एंडमधून बाहेर येईपर्यंत. पहिली किक त्यानंतर. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना फाउंडेशन बोल्ट आणि हेडची पट्टी परत आवळा, पाचशेला तेल आणि फेल्ट बदला, आणि तो फेल्टही कापून बघा.